वर आठ, खाली सोळा

अमेरिकेतल्या यूटा राज्याने 1997 साली एका बिडाच्या भांड्याला राज्याचं अधिकृत भांडं ठरवलं. ते म्हणजे डच ओव्हन. तीन आखूड पाय, उचलायला कडी, झाकणाच्या काठाला उभी कड. पायांमुळे खाली निखारे सरकवता येतात आणि कडेमुळे झाकणावरचे निखारे घरंगळत नाहीत. वर-खाली विस्तव ठेवून भाजणं आपल्याला काही नवं नाही. गोव्याची बेबिंका अशीच थरावर थर चढवत होते.

वाळूच्या साच्यात बीड ओतून अशी भांडी स्वस्तात घडवण्याचं पेटंट अब्राहम डार्बी या इंग्रजाने 1707 मध्ये घेतलं. वाळूत पितळ ओतायची युक्ती त्याने हॉलंडात पाहिली होती. अमेरिकेत ही भांडी वसाहतवाल्यांच्या गाड्यांतून पश्चिमेकडे गेली. गुराख्यांनी त्यात वाळलेल्या घेवड्याच्या बिया रटरटवल्या. पास्त्याची वेळ यायची होती.

एरवी पास्ता भरपूर पाण्यात उकळून गाळतात. रानातल्या मुक्कामी ते कोणी करावं? बारा इंची ओव्हन रिकामाच आठ-नऊ किलोंचा. उकळत्या पाण्याने भरलेला तो अंधारात कलता करायचा म्हणजे पायांवर संकट. शिवाय पाणी लांबून आणलेलं. म्हणून पाणी मोजूनच घालतात आणि गाळतच नाहीत. पास्त्यातून सुटलेला स्टार्च भांड्यातच राहतो आणि रस्सा आपोआप दाट होतो. ही सोय म्हणून आलेली रीत चवीलाही सरस आहे, असं माझं मत.

चारकोलच्या गोळ्या पेटवून राखेचा पांढुरका थर धरेपर्यंत थांबायचं. इंची मापाच्या दुप्पट गोळ्या, हा ढोबळ हिशेब. बारा इंचाला चोवीस, म्हणजे साधारण 175 अंश सेल्सिअस. भाजताना जास्त निखारे वर लागतात, शिजवताना खाली. कांदा, लसूण आणि खिमा परतेपर्यंत सगळे चोवीस खालीच. मग टोमॅटोचा 800 ग्रॅमचा डबा, पाऊण लिटर पाणी, मीठ, आणि उकळी फुटली की 450 ग्रॅम पेने पास्ता. आता आठ निखारे उचलून झाकणावर ठेवायचे. थोड्या थोड्या वेळाने भांडं पाव फेरा एकीकडे आणि झाकण तेवढंच उलट दिशेला फिरवायचं, नाहीतर एका बाजूला करपतं. मधून तळापासून ढवळायचं, पण झाकण उगाच उघडं ठेवायचं नाही. वाफ गेली की पाणी कमी पडतं. तरी कपभर गरम पाणी हाताशी असू द्यावं. यूटाच्या उइंटा डोंगरांत तीन हजार मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे पाकिटावरची मिनिटं विसरायची आणि एक पेने चावून बघायचा.

शेवटी वर मोझरेला पसरून खालचे बहुतेक निखारे झाकणावर चढवले की चार-पाच मिनिटांत चीज वितळून डाग धरतं. उघडताना झाकण आकड्याने अगदी आडवं उचलावं. जरा तिरकं झालं की राख थेट जेवणात.

हे सगळं उघड्यावरच. तंबूत निखारे नेले तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो, गारठा कितीही असो.

टोमॅटोचा आंबटपणा बिडात मुरवलेला तेलाचा थर खातो. तेव्हा उरलंसुरलं रात्रीच दुसऱ्या भांड्यात काढावं, ओव्हन गरम पाण्याने घासून विझत्या निखाऱ्यांवर कोरडा करावा आणि तेलाचं बोट फिरवून ठेवावा.