पंखा बोलतोय!

नाशिकरोडला आमच्या गच्चीवर पापड वाळत असायचे आणि गांधीनगरच्या बाजूने चेतक हेलिकॉप्टर यायचं. कावळे हाकायचे सोडून मी तोंड वर करून उभा. बोलणी खाल्ली, नाद सुटला नाही. मे 2022 मध्ये त्याच गांधीनगरातून अभिलाषा बराक लष्कराच्या हवाई शाखेतल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या, तेव्हा माझी जुनी कात्रणं पुन्हा निघाली. कारगिल युद्धात हेलिकॉप्टर उडवणाऱ्या गुंजन सक्सेना सिनेमामुळे घरोघरी ठाऊक आहेत. माझ्या कात्रणांतल्या बाई त्यांच्याही जवळजवळ पन्नास वर्षं आधीच्या.

व्हालेरी आंद्रे. जन्म स्त्रासबूरचा, 1922 चा. डॉक्टरी केली, प्रबंध लिहिला तो पॅराशूटच्या उड्यांतल्या दुखापतींवर, आणि फ्रेंच लष्कराच्या डॉक्टर म्हणून इंडोचायनात गेल्या. सायगॉनच्या इस्पितळात मेंदूच्या शस्त्रक्रियांना मदत करायची, आणि वाट नसलेल्या ठाण्यावर कुणी जखमी असला तर स्वतः पॅराशूटने उतरायचं. 1950 मध्ये तिथे हिलर 360 हे हेलिकॉप्टर आलं. आंद्रेबाईंनी ते पाहिलं आणि फ्रान्सला जाऊन चालवायला शिकूनच परतल्या.

हे हिलर म्हणजे काचेचा फुगा आणि शेपटी. दांडा पायांमधून वर येत नाही, डोक्यावरून खाली लोंबतो. चिलखत नाही. जखमींसाठी दोन स्ट्रेचर, तेही बाहेर, दोन्ही बाजूंना. इंजिन तोकडं, हवा उष्ण, त्यामुळे किलो-किलोचा हिशेब. बाई लहानखुऱ्या होत्या, ते इथे कामाला आलं. वैमानिकच डॉक्टर असला तर एका माणसाचं वजन वाचतं, हे तर आणखी मोलाचं. ‘बाईमाणूस असूनही’ छापाचं कौतुक वाचलं की मला हा तराजूच आठवतो.

एकदा तू व्हू नावाच्या ठाण्यावरच्या जखमींसाठी सायगॉनचं हेलिकॉप्टर सुटं करून विमानाने हनोईला नेलं आणि तिथे पुन्हा जोडलं. धुक्यातून, गोळीबारातून बाई उतरल्या. आधी जखमी पाहिले, तातडीच्या शस्त्रक्रिया तिथेच केल्या आणि मग दोन-दोन करून माणसं हनोईला आणली. म्हणजे आधी कोणते दोन, हेही त्यांनीच ठरवायचं.

इंडोचायनात 129 फेऱ्या, 165 माणसं. ती लढाई वसाहत टिकवण्याची होती, हे मला टोचतं. पण शत्रूचे जखमीही त्यांनी उचलले, हेही खरं.

त्यांच्या 1954 च्या पुस्तकाचं नाव ‘इसी, व्हाँतिलातर!’. डॉक्टरचं पुस्तक, म्हणून कितीतरी वर्षं मी ते इस्पितळातलं व्हेंटिलेटर समजत होतो. फ्रेंचमध्ये तो साधा पंखा. हेलिकॉप्टरला सैनिकांनी ठेवलेलं नाव. ‘पंखा बोलतोय!’

पुढे अल्जीरियात आणखी 365 मोहिमा, त्यांत आलुएत हेलिकॉप्टरही. गुंजन सक्सेनांचं चीता याच आलुएतच्या घराण्यातलं. 1976 मध्ये आंद्रेबाई फ्रान्सच्या पहिल्या महिला जनरल झाल्या. जानेवारी 2025 मध्ये, 102 व्या वर्षी गेल्या.

आपल्याकडे पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. फ्रेंचमध्येही जनरलचं स्त्रीलिंगी रूप पूर्वापार जनरलच्या बायकोसाठीच. बाईंच्या 1988 च्या पुस्तकाच्या नावात मात्र ‘मादाम’पुढचा ‘जनरल’ चक्क पुल्लिंगी आहे. इंडोचायनात त्यांच्याबरोबर हेलिकॉप्टर उडवणारे आलेक्सी सांतिनी पुढे त्यांचे यजमान झाले. ते कर्नल होते.