मोटारसायकलचा जोर आणि कॅमची निवड

गळिताच्या हंगामात माधवनगरहून सांगलीकडे मोटारसायकलने निघालेल्या माणसाला एक अनुभव हमखास येतो. पुढे उसाने लादलेली ट्रॉली, मागच्या सीटवर घरचे माणूस. ट्रॉली ओलांडावी म्हणून मूठ पिळावी, तर इंजिन नुसते गुरगुरते, वेग काही घेत नाही. समोरून गाडी येत असली, म्हणजे तेवढा क्षणही जिवावरचा ठरतो. मग कोणी सांगतो, "अहो, शर्यतीचा कॅम टाका, गाडी उडेल!" हा सल्ला मानण्यापूर्वी कॅम करतो काय, हे आपण पाहू या.

शेताला पाणी देताना दारे धरणारा माणूस असतो ना, तेच काम इंजिनात कॅम करतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत त्याचा एक फेरा होतो आणि त्याचा उंचवटा व्हॉल्व्ह उघडतो. मिश्रण आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचताच मिटावा, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात तो उशिरा मिटतो. रस्त्यावरच्या गाडीत साधारण 50 अंशांच्या आसपास, शर्यतीच्या गाडीत 70 अंशांच्याही पुढे. कारण पाटाचे पाणी वेगात असले, की वाफा भरत आला तरी ते रेट्याने आत शिरते. इंजिन जलद फिरत असताना मिश्रणाचेही तसेच होते. पण पाणी संथ असेल आणि दार उघडेच राहिले, तर ते उलटे फिरते. कमी फेऱ्यांवर वर येणारा पिस्टन आत आलेले मिश्रण असेच परत ढकलतो. शर्यतीचा कॅम ट्रॉलीच्या मागे फसतो तो येथेच.

येथे टॉर्क आणि अश्वशक्ती यांतला भेद ध्यानी घ्यावा. टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा पीळ. अश्वशक्ती म्हणजे त्या पिळाला फेऱ्यांनी गुणले असता मिळणारे फळ. 2020 साली आलेल्या रॉयल एन्फील्डच्या 349 सीसी इंजिनाचा कमाल टॉर्क 4,000 फेऱ्यांवर 27 न्यूटन-मीटर आहे आणि कमाल शक्ती 6,100 फेऱ्यांवर 20.2 अश्वशक्ती. हिशेब मांडला, तर 6,100 फेऱ्यांवरही टॉर्क साडेतेवीसच्या आसपास उरतो. फेरे 2,100 ने वाढले, तरी पीळ आठव्या हिश्शानेच घटला. आलेखाची रेघ अशी सपाट असली, की वरचेवर गिअर बदलावा लागत नाही.

तेव्हा रुंद टॉर्क हवा असेल, तर तीन गोष्टी पाहाव्या. इनलेट व्हॉल्व्ह लवकर मिटावा. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही एकदम उघडे राहण्याचा काळ थोडा असावा, नाही तर मंद चालीत जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो. व्हॉल्व्ह मात्र उघडेल तेवढ्या वेळात पुरेसा उंच उचलला जावा. जुन्या 346 सीसी बुलेटमध्ये दोन्ही व्हॉल्व्हचे कॅम वेगळे असल्याने अशी निवड एकेकट्याने करता येते. पण गिअरचा एक दात सरकवून वेळ साधू नये. एक दात म्हणजे फार मोठी उडी. राजदूत, येझदीच्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत तर कॅमच नाही. तेथे हे काम सिलिंडरमधली छिद्रे करतात.

नवा कॅम बसवल्यावर पिस्टनच्या माथ्यावर मळलेल्या मातीचा पातळ थर द्यावा आणि इंजिन हाताने क्रँकचे पूर्ण दोन फेरे फिरवावे. माती कोठे किती दबली, यावरून व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांतले अंतर कळते. हे न पाहता किक मारली आणि दोन्ही एकमेकांना भिडले, तर व्हॉल्व्ह वाकलाच म्हणून समजा.

आणि खर्चापूर्वी एक करा. टॅपेटची फट तपासा, जुना कॅम झिजला आहे का पाहा. उंचवटा झिजला, की व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही आणि चांगले इंजिनही दमते. हे सारे ठीक असेल, तर पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करून पाहा. कमाल वेग थोडा उतरेल, पण चाकाला मिळणारा जोर प्रत्येक गिअरमध्ये वाढेल. पुष्कळांचे काम तेवढ्यावरच भागते. उरलेल्यांनी कॅम जरूर बदलावा. मात्र तो मैदानावरच्या शर्यतीसाठी न निवडता आपल्या रोजच्या वाटेसाठी निवडावा.