खाच जुळली, पण भाषा जुळेना!

परभणी जिल्ह्यातील सेलू हे गाव मनमाड-परभणी लोहमार्गावर आहे. विसाव्या शतकाच्या जवळजवळ अखेरीपर्यंत हा मार्ग मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांमधील अंतर १ मीटर. मुंबईहून मनमाडला येणारा मार्ग मात्र ब्रॉडगेज, अंतर १ मीटर ६७६ मिलिमीटर. त्यामुळे मुंबईकडून आलेला माल मनमाडला एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावा लागे. वाघीण मोडलेली नसे, रूळही उखडलेले नसत. फक्त दोघांचे माप जुळत नसे. संगणकातही असाच प्रकार घडतो. फरक एवढाच की, रुळांची रुंदी डोळ्यांना दिसते, संगणकातील विसंगती दिसत नाही.

समजा, एखाद्या शाळेत पंधरा वर्षांपूर्वीचा संगणक आहे. त्यात नवे ग्राफिक्स कार्ड बसवले. कार्ड खाचेत घट्ट बसले, त्याचा पंखाही फिरू लागला, पण पडदा काळाच! कार्ड जळाले असे समजून ते टाकून द्यायचे काय? थांबा. आधी संगणक सुरू होताना काय घडते ते पाहू.

वीज मिळते त्या क्षणी प्रोसेसरला पडदा, कळफलक, डिस्क यांपैकी काहीच ठाऊक नसते. एका ठराविक पत्त्यावरची आज्ञा वाचायची, एवढेच त्याला कळते. ही आज्ञा मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमची साठवलेली असते. वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या अशा आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमधील फर्मवेअर म्हणजे बायॉस.

आता, जगातील प्रत्येक कार्डाची माहिती बायॉसला कशी असणार? म्हणून ग्राफिक्स कार्ड स्वतःची छोटी आज्ञावली बरोबरच घेऊन येते. तिच्या आरंभी ८५ आणि १७० हे दोन आकडे असतात. ही तिची ओळखीची खूण. खूण पटली की बायॉस ती आज्ञावली चालवतो आणि पडदा उजळतो.

पुढे ही पद्धत अपुरी पडू लागली. २००५ साली अनेक कंपन्यांनी मिळून यूईएफआय या नव्या पद्धतीची धुरा हाती घेतली. तिच्यासाठी लिहिलेल्या आज्ञावलीची बांधणीच वेगळी. कार्डातील प्रत्येक आज्ञावलीवर तिचा प्रकार लिहिलेला असतो : जुन्या पद्धतीसाठी ०, यूईएफआयसाठी ३. बऱ्याच कार्डांत दोन्ही प्रती असतात. म्हणून ती दोन्हीकडे चालतात. पण कार्डात केवळ नवी प्रत असेल, तर जुना बायॉस ती वाचू शकत नाही. उलट, जुने कार्ड नव्या संगणकात बसवले आणि त्यात जुनी भाषा समजून घेणारा सीएसएम नावाचा दुभाषा बंद असेल किंवा नसेलच, तरीही पडदा काळाच राहतो.

दुसरी अडचण जागेची. कार्डाच्या स्मृतीशी बोलण्यासाठी प्रोसेसरला पत्ते लागतात. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी, म्हणजे ४ जीबीपुरतेच पत्ते मावतात. पुष्कळ काळ कार्डे २५६ एमबीची खिडकी मागून भागवत. नवी कार्डे ८ जीबी किंवा त्याहूनही मोठी खिडकी मागू शकतात. ४ जीबीच्या पलीकडचे पत्ते वाटण्याची सोय जुन्या फर्मवेअरमध्ये नसेल, तर एवढी खिडकी त्याने द्यायची कोठून?

मग करायचे काय? प्रथम संगणक बंद करून वायर काढा आणि कार्ड पुन्हा नीट बसवा. कार्डाला वेगळी वीजजोडणी हवी असल्यास ती तपासा, कारण खाचेतून फार तर ७५ वॉट मिळतात. सुरू करताना संगणक ‘बीप’ करतो का ते ऐका. एक लांब व दोन आखूड आवाज ही पुष्कळ संगणकांत पडद्याच्या दोषाची खूण असते. मदरबोर्डवर पडद्याची स्वतंत्र सोय असेल, तर कार्ड काढून पडदा तेथे जोडा आणि सेटिंगमध्ये सीएसएम पाहा. शेवटी तेच कार्ड दुसऱ्या संगणकात लावा. तेथे चालले, तर कार्ड निर्दोष!

मदरबोर्डच्या कंपनीने नवे फर्मवेअर दिले असेल, तर तेही घालता येते. मात्र हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. ते चालू असताना वीज गेली, तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. वीज वारंवार जाते अशा गावी यूपीएस जोडल्याशिवाय त्याला हात लावू नये.

करून पाहा : ८५ आणि १७० हे आकडे द्विमान पद्धतीत एकाखाली एक लिहा आणि त्यांची बेरीज करा. ओळखीच्या खुणेसाठी हीच जोडी का सोयीची, याचा विचार करा आणि वर्गात चर्चा करा.