गव्हर्नर गोर यांच्या चांदीचा कारभारी

वडिलोपार्जित चांदीच्या भांड्यांविषयी मला जे कुतूहल आजवर वाटत आले, ते त्यांच्या मोलाविषयी फारसे नव्हते. ताटे, वाट्या, तांब्या, फुलपात्रे, अत्तरदाणी ही सारी चांदी सणासुदीला पेटीतून निघाली, की ती घासावयास कोण बसे, कशाने घासी आणि परत ठेवताना मोजून कोण घेई, याविषयी ते होते. कारागिराचा शिक्का भांड्याच्या बुडाशी असतो, मालकाचे नाव काठावर कोरलेले असते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्या हातांनी ते भांडे राखले, त्या हातांची नोंद कोणत्याही दप्तरात क्वचितच सापडते.

शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांस ठाऊक आहे. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. अंडे, कांदा, लसूण, हिंग, लोकर आणि रबर ही सारी गंधकाची आश्रयस्थाने. म्हणून चांदी शालीत गुंडाळून ठेवणे किंवा चमच्यांची जुडी रबराने बांधणे यासारखा दुसरा अविचार नाही. मीठ तर त्याहून दुष्ट: ते चांदी खाऊन खड्डे पाडते आणि म्हणूनच विलायती मीठदाण्यांना आतून सोन्याचा मुलामा देत असत. घासण्याने काळ्या थराबरोबर थोडी चांदीही जाते. १७४३ च्या सुमारास थॉमस बोल्सओव्हरने शोधलेल्या शेफील्डच्या पत्र्यात तांब्यावर चांदीचा पातळ पापुद्रा असतो. अतिउत्साही हात फिरला, की खालचे तांबे लाल डोकावू लागते. रांगोळीने घासण्याची आपल्याकडील सवय मला या कारणाने अक्षम्य वाटते. अ‍ॅल्युमिनियमचा कागद आणि सोड्याचे कढत पाणी यांचा हल्ली बोलबाला असलेला उपाय काळा थर पालटून पुन्हा चांदी करतो हे खरे. परंतु नक्षीच्या खोबणीत कारागिराने बुद्ध्या राखलेली काळी छायाही तो पुसून टाकतो आणि राळ भरलेल्या पोकळ मुठी कढत पाण्याने खिळखिळ्या होतात. कोमट पाणी, रिठा, मऊ सुती फडके, लगोलग कोरडे करणे आणि मुख्य म्हणजे भांडी नित्य वापरणे, यांहून निराळे मला काही सांगावयाचे नाही.

या शोधात मला जे पुस्तक सर्वांत मोलाचे वाटले, ते ‘द हाउस सर्व्हंट्स डिरेक्टरी’ १८२७ साली बॉस्टन येथे प्रसिद्ध झाले. लेखक रॉबर्ट रॉबर्ट्स हे मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर ख्रिस्तोफर गोर यांच्या वॉल्थॅम येथील वाड्यात बटलर होते आणि ते कृष्णवर्णीय होते. कृष्णवर्णीय लेखकाने लिहून व्यापारी प्रकाशकाने छापलेल्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. गोर त्याच वर्षी वारले. जोसेफ आणि डेव्हिड या नोकरीस लागू पाहणाऱ्या दोन तरुणांना उद्देशून लिहिलेल्या या पुस्तकात पहाटे उठण्याच्या लाभापासून दिवे, सुऱ्या, महोगनीचे सामान आणि चांदी स्वच्छ करण्यापर्यंत साऱ्या कामांचा तपशील आहे. त्या काळी चांदीला खडूची वस्त्रगाळ पूड मद्यार्कात कालवून लावीत, खोबणीतून मऊ ब्रश फिरवीत आणि शेवटी कातड्याने झळाळी आणीत. बटलरच्या कामात ही कला जितकी महत्त्वाची, तितकाच भांड्यांचा हिशेबही. प्रत्येक चमच्याची जबाबदारी त्याच्या शिरावर, आणि एखादा उणा पडला तर संशयाची पहिली नजर त्याच्याचकडे वळावयाची. पुस्तक लोकांनी उचलून धरले. १८२८ आणि १८४३ साली त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या.

येथवर मी चांदीच्याच मागावर होतो; परंतु याच रॉबर्ट्स यांनी १८३३ साली दिलेली एक शपथेवरची जबानी वाचनात आली, आणि त्यानंतर मला ते पुस्तक पूर्वीसारखे वाचता आले नाही. त्यांची पहिली पत्नी डॉरथी ही ज्यूड हॉल यांची कन्या. हे हॉल न्यू हॅम्पशरमधील एक्झेटर गावचे, गुलामगिरीतून सुटलेले, आणि बंकर हिलच्या लढाईपासून आठ वर्षे अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लढलेले शिपाई होते. स्वतंत्र जन्मलेल्या त्यांच्या तीन पुत्रांचे काय झाले, हे जावयाने त्या जबानीत क्रमवार सांगितले आहे. तिघेही गुलामगिरीत विकले गेले होते. त्यांपैकी जेम्सला तर चार डॉलरांचे देणे असल्याच्या मिषाने घरातून नेऊन जहाजावर चढविण्यात आले. कसलीही अलंकारिक भाषा नाही, कोणावर आगपाखड नाही. नाव, गाव, जहाज, रक्कम, एवढेच. मालकाच्या पेटीतील चमचे ज्या काटेकोरपणाने मोजावेत, त्याच काटेकोरपणाने या मनुष्याने आपल्या हरवलेल्या मेहुण्यांची गणती करून ठेवली. ज्या समाजाने शेकडो डॉलरांची चांदी निःशंकपणे त्यांच्या स्वाधीन केली, त्याच समाजात त्यांच्या पत्नीचा भाऊ चार डॉलरांच्या सबबीवर नाहीसा होऊ शकला, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

रॉबर्ट्स यांना सारा इस्टन या दुसऱ्या पत्नीपासून झालेले पुत्र बेंजामिन हे मुद्रक झाले. त्यांची पाच वर्षांची मुलगी सारा हिला गोऱ्या मुलांच्या पाच शाळा ओलांडून कृष्णवर्णीयांसाठी राखून ठेवलेल्या शाळेत जावे लागे, म्हणून १८४८ साली त्यांनी बॉस्टन शहरावर दावा लावला. रॉबर्ट मॉरिस आणि चार्ल्स सम्नर यांनी वकालत केली. मुख्य न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी निकाल शहराच्या बाजूने दिला आणि पुढे १८९६ मध्ये वर्णभेदाला मान्यता देणाऱ्या ‘प्लेसी’ खटल्यात त्याच निकालाचा दाखला घेण्यात आला. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने मात्र १८५५ साली कायदा करून शाळांतील हा भेद रद्द केला. चांदी घासण्याची पद्धत लिहून ठेवणारे ते आजोबा तेव्हा हयात होते.