हल्ल्यातून वाचल्यानंतरचे दुखणे

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलव्याप्त जिल्ह्यांत वाघ, बिबट, अस्वल किंवा रानडुक्कर यांनी माणसावर हल्ला केल्याची बातमी बहुधा हल्ल्याचे ठिकाण आणि शासनाने जाहीर केलेली मदत एवढ्यावरच संपते. परंतु जो वाचतो त्याच्या दुखण्याचा लांबलचक भाग रुग्णालयातून घरी परतल्यावर सुरू होतो आणि तो निभावणाऱ्या घरातल्या माणसांची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही.

अस्वलाच्या हल्ल्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्रीतून गळतात, ती वेचण्यासाठी माणसे भल्या पहाटे झाडाखाली जातात आणि त्याच फुलांच्या ओढीने अस्वलही तेथे येते. अचानक समोरासमोर आलेले अस्वल अनेकदा मागच्या पायांवर उभे राहून नख्यांनी डोके व चेहरा ओरबाडते, त्यामुळे जीव वाचला तरी जबडा मोडणे, डोळा निकामी होणे किंवा टाळूची कातडी निघणे अशा इजा राहतात. एका शस्त्रक्रियेने हे सारे दुरुस्त होत नाही आणि पुढच्या उपचारांसाठी नागपूरच्या खेपा कराव्या लागतात.

घरच्या शुश्रूषेतील पहिले काम वेळापत्रक पाळण्याचे असते. वन्य सस्तन प्राण्याच्या चाव्यातून रेबीजचा धोका संभवत असल्याने लसीच्या पुढील मात्रा ठरलेल्या दिवशीच घ्याव्या लागतात. जखम सुकलेली दिसली म्हणून त्या सोडून चालत नाही. जबड्याला इजा असेल तर केवळ भाताच्या पेजेवर भागत नाही, कारण नवी त्वचा आणि स्नायू तयार होण्यासाठी प्रथिने लागतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने पेजेत घोटलेले वरण, दूध किंवा अंडे मिसळणे हिताचे ठरते. मणक्याला मार लागून माणूस खाटेला खिळला असेल, तर साधारण दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. अन्यथा माकडहाड, कुल्ला आणि टाच येथील त्वचेचा रक्तपुरवठा दाबाने तुटून दाबव्रण, म्हणजे एकाच जागी भार पडल्याने होणारी खोल जखम, तयार होते.

शरीराच्या बरोबरीने मनही सावरावे लागते. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, झोपेत दचकणे, जंगलाची वाट टाळणे अशी लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकून रोजचे जगणे अडवू लागली, तर त्यांना आघातोत्तर ताणविकार म्हटले जाऊ शकते. हा भित्रेपणा नसून उपचारांनी आटोक्यात येणारा आजार आहे, आणि त्यासाठी शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर रुग्णाप्रमाणेच त्याचे नातेवाईकही बोलू शकतात.

या साऱ्याचा भार बहुधा घरातील एकाच व्यक्तीवर, विशेषतः पत्नीवर, आईवर किंवा सुनेवर पडतो. मोहानंतर लगेच तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, त्या थोड्या दिवसांच्या मजुरीवर अनेक घरांचा मोठा खर्च अवलंबून असतो, आणि रुग्णाजवळ बसणाऱ्या बाईची ती मजुरी बुडते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतील भामरागडचा रस्ता बंद होतो आणि तपासणीची तारीखही हुकते.

आदिवासी रुग्ण नातेवाइकांपासून वेगळा पडू नये, हे या भागातील दोन संस्थांनी फार पूर्वीच ओळखले. 1973 मध्ये सुरू झालेल्या हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पात आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या शोधग्राम येथील माँ दंतेश्वरी रुग्णालयात नातेवाइकांना रुग्णासोबत राहता येते. रुग्णालयात मान्य झालेले हे तत्त्व घरी परतल्यावर मात्र कोणी सांभाळत नाही.

वन विभागाकडील अर्थसाहाय्यात मृत्यू, कायमचे अपंगत्व, गंभीर व किरकोळ इजा असे वेगवेगळे प्रकार आहेत आणि किमान 40 टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर इतर योजनांचा लाभ मिळू शकतो. म्हणून वनरक्षकाकडे तत्काळ दिलेली खबर, पंचनामा आणि उपचारांचे कागद जपून ठेवणे हा शुश्रूषेचाच भाग मानला पाहिजे. मात्र पैसा मिळाला तरी कूस बदलायला हात लागतातच. तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करणाऱ्या ग्रामसभा गडचिरोली जिल्ह्यात आहेत. त्यांनी हंगामात अशा घरी पाळीपाळीने एक माणूस पाठवण्याचा किंवा बुडालेल्या मजुरीचा काही भाग भरून देण्याचा ठराव करावा, कारण शुश्रूषा करणारी व्यक्तीच खचली तर रुग्णही सावरत नाही.