गोड्या पाण्यावरची वीज

विजेच्या बाबतीत गोडे पाणी समुद्रापेक्षा जास्त घातक ठरते. हे पटकन पटत नाही, कारण खारे पाणी विजेचे चांगले वाहक आहे आणि शुद्ध पाणी जवळजवळ नाहीच, एवढे शाळेतच शिकलेले असते. पण पाण्यात उतरलेल्या माणसाला किती झटका बसेल हे पाणी किती वाहक आहे यावर ठरत नाही. पाणी आणि माणूस या दोघांत जास्त वाहक कोण, यावर ठरते. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता मीटरला सुमारे पाच सीमेन्स असते. तलावाच्या किंवा नदीच्या पाण्याची वाहकता साधारण त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढी, पुष्कळदा त्याहूनही कमी. माणसाचे शरीर, म्हणजे रक्त, स्नायू आणि पेशींमधला खारट द्रव, या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसते: समुद्राहून कमी वाहक, पण तलावाहून कितीतरी जास्त. त्यामुळे समुद्रात गळणारा प्रवाह माणसाला वळसा घालून पाण्यातून निघून जातो आणि तळ्यात तोच प्रवाह माणसाच्या अंगातून सोपी वाट काढतो. हृदय बंद पाडण्याइतका प्रवाह लागतच नाही. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हातापायांचे स्नायू आखडतात, पोहणे थांबते आणि माणूस बुडतो. शवविच्छेदनात विजेची खूण सापडेलच असे नाही. बुडून मृत्यू, एवढीच नोंद होते. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या, बोटी बांधायच्या धक्क्यांवर अशा मृत्यूंची नोंद वेगळी ठेवली जाऊ लागली, तेव्हा कुठे हा धोका डोळ्यांत भरला.

हे इथे सांगण्याचे कारण नंदुरबार जिल्ह्याच्या भूगोलात आहे. साडेतीन हजार फुटांहून उंच पठारावर तोरणमाळ आणि तिथला यशवंत तलाव. आणि त्याच जिल्ह्याच्या उत्तर कडेला, सुमारे हजार मीटर खाली, नर्मदेवरच्या सरदार सरोवराचे पसरलेले पाणी. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पाणी पहिल्यांदा तिथवर चढले. मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, भुषा या भागांत पूर्वी जिथे पायवाट होती तिथे आता पाणी आहे आणि बाजार, दवाखाना, शाळा, नातेवाईक हे सगळे नावेच्या भरवशावर. आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना याच पाण्यावर फिरत आला आहे. वर पर्यटकांची नाव, खाली रोजच्या गरजेची नाव, आणि दोन्हीकडचे पाणी गोडे. अशा ठिकाणी गावातल्या गावात नाव बांधणाऱ्याने तिच्यावर दिवा, पंप, फोन चार्ज करायची सोय करायचे मनात आणले, तर पहिला निर्णय कोणता घ्यावा? माझे उत्तर स्पष्ट आहे. घरातली २३० व्होल्टची वीज नावेवर येऊच द्यायची नाही. सगळी मांडणी १२ व्होल्टच्या बॅटरीवर करायची आणि इन्व्हर्टरचे पैसे तांब्यात आणि फ्यूजमध्ये घालायचे.

यावर पहिला आक्षेप जाणकार वायरमनच घेईल आणि तो चुकीचा नाही. नावेवरच्या इन्व्हर्टरचा जमिनीशी काही संबंध नसतो, मग एका तारेला हात लागला तरी परतीचा रस्ता नाही आणि झटका बसणार नाही. खरे आहे, पण पहिल्या बिघाडापुरतेच. एक तार सोलून ओल्या लाकडाला, इंजिनाच्या धातूला किंवा तळात साठलेल्या पाण्याला लागली, तर दिवा लागलेलाच राहतो, फ्यूज उडत नाही, कुणाला काही कळत नाही. त्या क्षणापासून दुसरी तार धोक्याची होते आणि तिला स्पर्श करणारा माणूस मंडल पूर्ण करतो. घरात अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी मिळून पहिलाच बिघाड पकडतात. तरंगत्या नावेवर तो मुका राहतो, आणि नेहमी ओल्या असलेल्या तळात पहिला बिघाड होणे ही फक्त काळाची बाब आहे. किनाऱ्यावरच्या घरातून किंवा शेतपंपाच्या खांबावरून वायर ओढून बांधलेल्या नावेत चार्जर चालवला, तर परतीचा रस्ता जमिनीतून तयारच असतो; मग नावेभोवतीच्या पाण्यात पोहणारी मुलेही त्या मंडलात येतात. १२ व्होल्टला ओल्या अंगातूनही जीवघेणा प्रवाह सहसा वाहत नाही. ही सुरक्षितता कुठलेही उपकरण विकत न घेता मिळते.

दुसरा आक्षेप गरजेचा: १२ व्होल्टवर भागेल का? हिशेब मांडून पाहू. एलईडीचा दिशादर्शक दिवा तीन वॅटचा, रात्री चार तास: १२ वॅट-तास. आतला पाच वॅटचा दिवा तेवढाच वेळ: २०. एक फोन पूर्ण चार्ज करायला सुमारे १५. चाळीस वॅटचा पाणी उपसायचा पंप दिवसात पंधरा मिनिटे: १०. सगळे मिळून साठ वॅट-तासांच्या आत, आणि यातले प्रत्येक साधन १२ व्होल्टमध्ये बाजारात मिळते. उलट छोटा इन्व्हर्टर काहीही न जोडता नुसता चालू ठेवला तरी साधारण दहा वॅट खातो. दिवसाचे २४० वॅट-तास, म्हणजे नावेच्या सगळ्या गरजेच्या चौपट, नुसत्या गरम होण्यात जातात. चाळीस अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत सुमारे पाचशे वॅट-तास असतात; अर्धीच वापरायची ठरवली, कारण त्यापलीकडे रोज उतरवली की ती लवकर मरते, तरी चार दिवस निघतात. पन्नास वॅटचे सौर पॅनल स्वच्छ उन्हात रोज दीडशे ते दोनशे वॅट-तास देते. सातपुड्यातल्या पावसाळी ढगांत ते पाव हिश्श्यावर आले तरी गरजेचा मोठा भाग भागतो.

१२ व्होल्टची किंमत मात्र मोजावी लागते आणि ती तांब्यात मोजावी लागते. तेवढीच शक्ती पोचवायला २३० व्होल्टच्या जवळजवळ वीसपट प्रवाह वाहतो आणि तारेत वाया जाणारा दाब प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो. बॅटरीपासून सहा मीटरवर पंप आहे असे धरा. जाणारी आणि परतणारी मिळून बारा मीटर तार. घरात दिव्यांसाठी वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर तिचा रोध सुमारे ०.१४ ओहम. पंप थोडा मोठा, पाच अँपिअर घेणारा असेल तर ०.७ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे बाराच्या सहा टक्के. पंपाच्या शक्तीत घट होते ती साधारण त्याच्या दुप्पट. बॅटरी उतरलेली असेल, एखादा सांधा ढिला असेल, तर ही तूट आणखी वाढते. आणि पंपाची खरी गरज असते तेव्हा बॅटरी बहुधा उतरलेलीच असते. चार चौरस मिलिमीटरची तार घातली तर तूट पाव व्होल्टवर येते. नौकाबांधणीच्या नियमांत दिशादर्शक दिव्यांसारख्या महत्त्वाच्या गोष्टींसाठी तीन टक्क्यांची मर्यादा सांगितली आहे ती याच कारणाने. घराच्या वायरिंगवर हात बसलेल्या माणसाला पाच अँपिअरसाठी चारची वायर ही उधळपट्टी वाटते. पण घरात जाडी ठरते ती तार किती तापते यावर आणि नावेत ती ठरते दाब किती पडतो यावर. तांबे महाग आहे हे मान्य. मग बॅटरी नावेच्या मध्याजवळ ठेवावी, दोन्ही टोकांचे अंतर कमी होते. वजनही मधे राहते, हा वेगळा फायदा.

कमी व्होल्ट म्हणजे कमी धोका, या वाक्याला एक मोठा अपवाद आहे: आग. झटक्याच्या दृष्टीने १२ व्होल्टची बॅटरी गरीब असली, तरी तिची दोन टोके एकमेकांना लागली तर ती शेकडो अँपिअर ओतते आणि बारीक तार काही सेकंदांत लाल होते. खिळ्याने सोललेली, उंदराने कुरतडलेली किंवा फळीखाली दबलेली एकच तार पुरते. म्हणून फ्यूज बॅटरीजवळ हवा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात हे अंतर मुळात सात इंच दिले आहे आणि तार नळीतून नेली असेल तर काही सूट आहे. पुष्कळ छोट्या नावांत फ्यूज सुकाणूजवळच्या पाटीवर बसवलेला दिसतो, हाताशी येतो म्हणून. पण फ्यूज त्याच्या पुढच्या तारेचेच रक्षण करतो. बॅटरीपासून त्याच्यापर्यंतची तार उघडीच राहते. त्याचा आकडाही उपकरण पाहून नव्हे, तार पाहून निवडायचा. आणि मुख्य स्विच बंद केला तरी पाणी उपसायचा पंप, त्याच्या तरंगत्या स्विचसकट, चालू राहिला पाहिजे; त्याला स्वतःचा फ्यूज देऊन थेट बॅटरीवर घ्यावा. घरात कुलूप लावताना मेन बंद करणे शहाणपणाचे असते, पण बांधून ठेवलेल्या नावेत रात्रभर झिरपणारे पाणी कुणाचीच वाट पाहत नाही.

बॅटरीची जागाही याच आगीच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. हायड्रोजन हलका, म्हणून डब्याला वरून झरोका हवा. पेट्रोलची वाफ मात्र हवेपेक्षा जड. ती तळात साचते, नेमकी जिथे पंप आणि सांधे असतात तिथे. पेट्रोल इंजिनाच्या नावेत टाकीजवळचा प्रत्येक स्विच आणि पंप ठिणगी बाहेर न पडणारा असावा, एवढ्या एका बाबतीत काटकसर करू नये.

गोड्या पाण्यात गंज चढत नाही, म्हणून साधा सांधा चालेल, हा तिसरा आक्षेप अर्धाच खरा. मीठ नसल्याने धातूंची झीज मंद होते. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त-लोखंडाचे तुकडे जोडून झीज रोखायची कल्पना मांडली ती समुद्रासाठी. आजही समुद्रात जस्ताचे तुकडे लावतात, पण गोड्या पाण्यात जस्तावर थर बसून ते निकामी होते, म्हणून तिथे मॅग्नेशियम वापरतात. पण सांध्याचे शत्रू दुसरेच आहेत: इंजिनाची थरथर, दमट हवा आणि एकदिश प्रवाह. ओल्या सांध्यातून धन टोकाकडून सतत थोडी गळती होत राहिली की तांबे विरघळून हिरवी भुकटी उरते. उलटसुलट वाहणाऱ्या घरगुती प्रवाहात हे इतक्या वेगाने होत नाही. तारा पिळून वर टेप गुंडाळलेला सांधा म्हणूनच एका पावसाळ्यातच दगा देऊ शकतो. नुसती डागणीही पुरत नाही, कारण डाग जिथे संपतो तिथे कडक झालेली तार थरथरीने तुटते. बारीक तारांची, कथिलाचा मुलामा दिलेली वायर, नीट दाबून बसवलेले लग आणि वर आतून गोंद असलेली आकसणारी नळी, हा उपाय जुना, साधा आणि खात्रीचा आहे. घरगुती स्विच आणि एमसीबीबद्दलही सावध राहावे. घरातला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा प्रवाह शून्यावर येतच नाही. १२ व्होल्टला याने फक्त संपर्क झिजतात, पण ४८ व्होल्टच्या मोटारीला घरगुती एमसीबी लावला तर तो तुटताना आतच जळत राहू शकतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप असा की नर्मदेत नावा बुडतात त्या वायरिंगने नव्हे. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या सुमारास भुषा परिसरात क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतलेली नाव उलटली आणि माणसे दगावली. तिथे विजेचा काही संबंध नव्हता. हे मान्यच करायला हवे. किती माणसे चढवायची आणि प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट आहे का, हे प्रश्न कुठल्याही तारेच्या आधी येतात. पण नाव पाणी घेऊ लागल्यावर पंप चालतो का, अंधारात ती दुसऱ्या नावेला दिसते का, मदत मागायला फोनमध्ये चार्ज आहे का, हे प्रश्न विजेचेच आहेत. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० मध्ये कोळ्याची नाव मागून घेऊन, हाताने वल्हवत पाण्यापलीकडच्या पाड्यांवर जात होत्या, हे देशभर छापून आले. तशा वल्ह्याच्या नावेला आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे निदान एक पांढरा दिवा हाताशी हवा, एवढेच. पण तो हवाच. नर्मदा आता राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७३ आहे आणि २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे. वाहतूक वाढेल तशी दिसण्याची गरजही वाढेल.

हे वायरिंगचे काम गावात होणार नाही, त्याला शहरातलाच तंत्रज्ञ हवा, असे मानायला आधार नाही. धडगाव तालुक्यातल्या बिलगावला २००३ मध्ये लोकांच्या श्रमदानातून धबधब्यावर पंधरा किलोवॅटचे जलविद्युत केंद्र उभे राहिले होते. पुढे धरणाच्या पाण्याने ते गिळले. त्या मानाने नावेचे १२ व्होल्टचे मंडल सोपे आहे.

नाव चालवण्याचीच वीज हवी असेल तर मात्र वर तोरणमाळला आणि खाली नर्मदेत वेगळा विचार करावा लागेल. सेंट पीटर्सबर्गला मोरिट्झ याकोबीने १८३८ मध्ये नेवा नदीवर बॅटरीची नाव चालवून दाखवली तेव्हापासून कल्पना जुनीच आहे. केरळात वैक्कम-तवणक्कडव मार्गावर जानेवारी २०१७ पासून ७५ प्रवाशांची ‘आदित्य’ ही सौर नाव धावते आहे. पण तो ठरलेला, छोटा फेरा आहे. लिटरभर पेट्रोलपासून छोट्या इंजिनाला सुमारे दोन किलोवॅट-तास काम मिळते; तेवढे काम लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीत साठवायला वीस किलोच्या आसपास वजन लागते. नर्मदेच्या लांब, भरलेल्या फेऱ्यांना हे आज परवडणार नाही. यशवंत तलावाच्या छोट्या फेऱ्यांना मात्र बॅटरीची मोटार अगदी योग्य आहे: अंतर कमी, वेग कमी, रात्री चार्ज करायला वेळ, आणि पाण्यात तेल नाही. तिथे एकच अट पाळावी. चार्जर किनाऱ्यावर, छपराखाली, अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह असावा, त्याची बाहेर येणारी बाजू मुख्य विजेपासून पूर्ण विलग असावी, आणि नावेपर्यंत यावी ती फक्त बॅटरीच्या व्होल्टची जाड केबल. नाहीतर बॅटरीच उचलून वर न्यावी. २३० व्होल्टची वायर पाण्याच्या कडेच्या अलीकडेच संपली पाहिजे.