बाबांच्या मंचावर नेता बसतो, तेव्हा नेमकं काय घडतं?

ऑगस्ट २०१७. हरियाणाचे तेव्हाचे शिक्षणमंत्री रामबिलास शर्मा सिरसाच्या डेरा सच्चा सौदामध्ये गेले आणि डेऱ्याला ५१ लाख रुपये देण्याची घोषणा करून आले. निमित्त होतं डेराप्रमुख गुरमीत राम रहीमच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं. त्याच्या आदल्या वर्षी त्याच सरकारमधल्या अनिल विज यांनीही ५० लाख जाहीर केले होते.

शर्मांच्या घोषणेला दोन आठवडेही झाले नव्हते. २५ ऑगस्टला पंचकुलाच्या विशेष सीबीआय न्यायालयाने राम रहीमला दोन साध्वींवरच्या बलात्काराच्या प्रकरणात दोषी ठरवलं. त्यानंतर जो हिंसाचार उसळला त्यात ३० हून अधिक माणसं मेली.

बरं, हा खटला काही गुपचूप चालला नव्हता. मंत्री मंचावर बसून पैसे जाहीर करत होते तेव्हा निकाल तोंडावर आलाय, हे अख्ख्या हरियाणाला माहीत होतं. मग मंत्री गेले कशाला? आणि गेले तर बिघडलं काय? बाबा, महाराज, गुरुजी यांच्यासोबत नेत्याचा फोटो व्हायरल झाला की दर वेळी हाच वाद रंगतो. त्याचं उत्तर शोधायला सिरसासारखी दुसरी जागा नाही, कारण इथे गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कागदावर आहे.

नेते डेऱ्यात जातात कशासाठी?

सरळ उत्तर आहे, मतांसाठी. पण तेवढं सांगून भागत नाही. डेरा सच्चा सौदाची स्थापना १९४८ ची, राम रहीम गादीवर आला १९९० मध्ये. डेऱ्याचे अनुयायी मोठ्या संख्येने दलित आणि गरीब समाजांतले. इथे आलेला माणूस जातीचं आडनाव टाकून ‘इन्साँ’ लावतो. दारू सोडतो, रक्तदान करतो, मुलांची लग्नं कमी खर्चात उरकतो. गावात ज्याला कुणी खाटेवर बसू देत नव्हतं त्याला इथे मान मिळतो. हे सगळं खोटं नव्हतं. म्हणूनच भक्तांना ‘अंधभक्त’ म्हणून हसणाऱ्यांना डेऱ्याची ताकद कधी कळली नाही.

नेत्यांना मात्र ती बरोबर कळली. डेऱ्याची स्वतःची राजकीय शाखा होती आणि कोणाला मत द्यायचं याचा निरोप तिच्यामार्फत जायचा. २००७ च्या पंजाब निवडणुकीत डेऱ्याने काँग्रेसला पाठिंबा दिला, २०१४ ला हरियाणात भाजपला, २०१७ ला पंजाबात अकाली दल-भाजप युतीला. मतदानाआधी सगळ्याच पक्षांचे उमेदवार सिरसाला हजेरी लावून यायचे. त्यामुळे ‘अमुक पक्षाचे नेतेच बाबांकडे जातात’ ही सोशल मीडियावरची भांडणं सोडून दिलेली बरी.

२००२ च्या पत्रात काय होतं?

या प्रकरणाची सुरुवात एका निनावी पत्राने झाली. एका साध्वीने ते तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांना लिहिलं होतं. डेऱ्यात आपल्यावर आणि इतर साध्वींवर काय होतंय ते तिने त्यात सांगितलं.

त्यातला एक तपशील या विषयात सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपण विरोध केला तेव्हा महाराजांनी काय ऐकवलं, ते तिने लिहिलं होतं. सरकारमध्ये आपली ओळख आहे, पंजाब आणि हरियाणाचे मुख्यमंत्री, केंद्रातले मंत्री आपल्या पाया पडतात, ते आपल्यावर काही कारवाई करणार नाहीत, असा त्या बोलण्याचा आशय होता.

म्हणजे नेत्यांनी टेकवलेलं डोकं बंद खोलीत धमकी म्हणून वापरलं जात होतं. नेत्याच्या मनात भक्ती असेल, मतांचा हिशेब असेल, किंवा ‘बोलावलं म्हणून गेलो’ इतकंच असेल. त्या मुलीसाठी त्याचा अर्थ एकच होता: तक्रार करायला जागा उरलेली नाही.

ते पत्र सिरसाच्या ‘पूरा सच’ नावाच्या छोट्या सायंदैनिकाने छापलं. संपादक होते रामचंदर छत्रपती. २४ ऑक्टोबर २००२ ला त्यांच्यावर घराबाहेर गोळ्या झाडण्यात आल्या आणि २१ नोव्हेंबरला त्यांचा मृत्यू झाला. त्या खुनाच्या खटल्याचा निकाल विशेष न्यायालयात लागायला जानेवारी २०१९ उजाडला.

पत्राची दखल पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली आणि सप्टेंबर २००२ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. सीबीआयने १८ साध्वींकडे चौकशी केली. न्यायालयात शेवटपर्यंत उभ्या राहिल्या त्या दोघी.

पण आरोप झाला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का?

मंचावर जाणाऱ्या नेत्यांचा हा सगळ्यात वजनदार बचाव आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. निकाल लागेपर्यंत कोणीही निर्दोष असतो. राज्यघटनेचं कलम २५ नेत्यालाही श्रद्धेचं स्वातंत्र्य देतं. शिवाय लोकप्रतिनिधी सगळ्यांचा असतो. लाखो लोक ज्याला मानतात त्याच्याकडे पाठ फिरवली तर त्या लोकांचाही अपमान होतो, असंही म्हटलं जातं.

मुद्दे ठीक आहेत, पण सिरसाच्या तारखा लावून बघा. सीबीआयने आरोपपत्र दाखल केलं २००७ मध्ये. ऑक्टोबर २०१४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी स्वच्छता मोहिमेसाठी राम रहीमचं जाहीर ट्वीट करून कौतुक केलं. तेव्हा त्या आरोपपत्राला सात वर्षं झाली होती. हा शेजाऱ्याने केलेला आरोप नव्हता. केंद्र सरकारच्या तपास यंत्रणेने न्यायालयात मांडलेली केस होती. एका हाताने सरकार त्याच्यावर बलात्काराचा खटला चालवत होतं आणि दुसऱ्या हाताने पाठ थोपटत होतं. साक्षीदाराने यातलं कोणतं सरकार खरं मानायचं?

निर्दोष मानणं ही न्यायालयाची शिस्त आहे. मंचावर जाऊन हार घालणं हे त्या शिस्तीत कुठेच बसत नाही. घरात बाबांचा फोटो लावणारा, रांगेत उभं राहून दर्शन घेणारा आमदार आपली श्रद्धा पाळत असतो. सरकारी गाडीतून येऊन सरकारी निधी जाहीर करणारा मंत्री दुसरंच काही करत असतो. त्याच्यासोबत त्याचं खातं येतं, त्याचे अधिकारी येतात, आणि बंदोबस्ताला त्याच जिल्ह्यातले पोलीस येतात, ज्यांच्याकडे उद्या एखादी तक्रार जायची असते.

पंचकुलात त्याचं टोक दिसलं. निकालाच्या आधी तिथे लाखभर लोक जमले. जमावबंदी लागू होती, पण १४४ कलमाच्या आदेशात शस्त्रं आणायला मनाई होती, पाचपेक्षा जास्त लोकांनी जमायला नव्हती. उच्च न्यायालयाने विचारल्यावर ती कारकुनी चूक असल्याचं सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने सरकारला सुनावलं की मतपेढीसाठी तुम्ही राजकीय शरणागती पत्करली.

दोषी ठरल्यावर तरी हे थांबलं का?

नाही. राम रहीमला २० वर्षांची शिक्षा झाली आणि तो रोहतकच्या सुनारिया तुरुंगात गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४० दिवसांच्या पॅरोलवर तो उत्तर प्रदेशातल्या बागपत जिल्ह्यातल्या बरनावा आश्रमात आला आणि तिथून ऑनलाइन सत्संग सुरू केला. कर्नालच्या महापौर रेणुबाला गुप्ता त्यात सहभागी झाल्या आणि त्याला ‘पिताजी’ म्हणाल्या. विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष रणबीर गंगवा यांनीही हजेरी लावली. तेव्हा हरियाणात पंचायत निवडणुका आणि आदमपूरची पोटनिवडणूक होती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये पंजाबच्या मतदानाआधी तो फर्लोवर बाहेर होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियाणाच्या मतदानाच्या तीन दिवस आधी सुटला, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या मतदानाच्या आठवडाभर आधी. सरकारचं म्हणणं असं की हरियाणाच्या २०२२ च्या कायद्यानुसार चांगली वर्तणूक असलेल्या कैद्याला वर्षाला १० आठवडे पॅरोल आणि ३ आठवडे फर्लो मिळू शकते, आणि तोच नियम त्यालाही लागू आहे. तो निवडणुका नसतानाही सुटलाय, हेही खरं. सुनारिया तुरुंगाचे एक माजी अधीक्षक सुनील सांगवान २०२४ मध्ये नोकरी सोडून भाजपच्या तिकिटावर दादरीतून आमदार झाले. त्यांच्या काळातही राम रहीम अनेकदा बाहेर आला होता.

कायदा काय म्हणतो?

वादग्रस्त धर्मगुरूसोबत मंचावर जाण्यावर बंदी घालणारा कायदा भारतात नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. मत दिलं नाहीस तर दैवी कोप होईल अशी भीती घालणं हा गैरवाजवी दबाव आहे. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की उमेदवाराच्याच नाही, तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही.

पण सत्संगात बसलेला उमेदवार मत मागतच नाही. तो फक्त बसतो, आशीर्वाद घेतो आणि फोटो काढतो. कलम १२३ तिथे पोचत नाही.

महाराष्ट्रात काय चित्र आहे?

बाबा आणि बंगला यांचं नातं इथेही जुनं आहे. २००९ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी सत्य साईबाबांना ‘वर्षा’ या सरकारी निवासस्थानी बोलावलं होतं आणि त्यावरून टीकेची झोड उठली होती.

मात्र ‘नाही’ म्हटल्याचं उदाहरणही इथलंच आहे. मार्च २०१३ मध्ये राज्य भीषण दुष्काळात होतं आणि आसाराम बापूंनी नागपूर आणि नवी मुंबईत टँकरच्या पाण्याने होळी खेळली. ओरड झाल्यावर राज्य सरकारने त्यांच्या कार्यक्रमांना पाणी देऊ नका असा आदेश काढला. तेव्हा आसारामांचे भक्त लाखोंनी होते, सगळ्या पक्षांत ऊठबस होती. तरीही सरकार पडलं नाही की कुठे आग लागली नाही. त्याच वर्षी ऑगस्टअखेरीस आसाराम लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात अटकेत गेले आणि २०१८ मध्ये जन्मठेप झाली.

त्याच ऑगस्टमध्ये, २० तारखेला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. या कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे आणि तो किमान पोलीस निरीक्षक दर्जाचा असावा लागतो. चमत्काराच्या नावाने फसवणूक होतेय का, हे बघायचं काम त्याचं.

जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात बागेश्वर धामचे धीरेंद्र शास्त्री यांच्यावर अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी याच कायद्याखाली तक्रार केली. पोलिसांनी व्हिडिओ तपासले आणि गुन्हा दिसत नाही असं सांगितलं. पुढे संत तुकाराम महाराजांबद्दलच्या वक्तव्यावरून शास्त्रींवर टीका झाली, मार्चमध्ये मीरा रोडच्या कार्यक्रमाला नाना पटोलेंनी विरोध केला. पण त्यांच्याच काँग्रेसचे कमलनाथ त्याच्या महिनाभर आधी बागेश्वर धामला जाऊन आले होते आणि ऑगस्टमध्ये त्यांनी छिंदवाड्यात शास्त्रींची कथाही ठेवली.

शास्त्रींवर राम रहीमसारखे आरोप नाहीत, त्यामुळे दोघांना एका ओळीत बसवणं चुकीचं ठरेल. प्रश्न त्या निरीक्षकाचा आहे. एखाद्या बाबाच्या दरबाराला ज्या मंत्र्याने हजेरी लावली, त्याच्याच सरकारच्या निरीक्षकाने दुसऱ्या दिवशी त्या बाबाचे व्हिडिओ निःपक्षपातीपणे तपासायचे असतात. तो तसे तपासेलही. पण तक्रारदाराचा त्यावर विश्वास कसा बसावा?

एवढं करून मतं तरी मिळतात का?

इथे गंमत आहे. २००७ ला डेऱ्याने काँग्रेसला पाठिंबा दिला, पंजाबात सरकार आलं अकाली-भाजपचं. २०१७ ला अकाली-भाजपला दिला, काँग्रेस ७७ जागा घेऊन सत्तेत आली. त्या वेळी डेऱ्यात मतं मागायला गेलेल्या डझनावारी शीख नेत्यांना अकाल तख्तने धार्मिक शिक्षाही सुनावली. २०१४ ला हरियाणात भाजप जिंकली खरी, पण ज्या सिरसा जिल्ह्यात डेरा आहे तिथल्या पाचपैकी एकही जागा तिला मिळाली नाही.